एक ते दहाच्या पट्टीत न बसलेले मास्तर

प्लेसमेंटचा सीझन आला की कळंबोलीतल्या इंजिनीअरिंग, बीएस्सी आयटी, बीसीएच्या पोरापोरींपुढे एक फॉर्म येऊन पडतो. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, एसक्यूएल अशी नावं एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर एक रिकामा रकाना. स्वतःला एक ते दहामध्ये किती मार्क द्याल? दहा लिहिले तर इंटरव्ह्यू घेणारा सोलून काढणार. चार लिहिले तर फॉर्म उघडायच्या आधीच बाजूला पडणार. मग काय, बहुतेक जण सात लिहून मोकळे होतात. जावा सात, पायथन सात, एसक्यूएल पण सातच. सात म्हणजे नक्की काय येतं, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं आणि वाचणाऱ्यालाही.

दोस्तांनो, ज्या वेबसाइट्सवर तुम्ही याच इंटरव्ह्यूची रात्र-रात्र तयारी करता, तिथे एक मराठी माणूस दडलाय. हॅकररँकवर मॉडिफाइड कापरेकर नंबर्स नावाचा प्रश्न आहे. लीटकोडवर हर्षद नंबर नावाचा आहे. लूप कसा लावायचा, अंक कसे सुटे करायचे हे शिकवताना जगभरचे मास्तर पोरांना हेच प्रश्न देतात. या दोन्ही संख्यांच्या मागे एकच माणूस आहे : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ना पीएचडी, ना मोठ्या संस्थेतली खुर्ची. नाशिकजवळच्या देवळालीतले शाळामास्तर. हत्यारं म्हणाल तर कागद आणि पेन्सिल.

या माणसाला आयुष्यभर लोकांनी मार्क दिले आणि बहुतेक वेळा कमीच दिले. त्याने स्वतःला किती दिले, हे बघण्यासारखं आहे.

डहाणू, ठाणे, पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद होता. ग्रह खरंच काय सांगतात तो विषय वेगळा, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते. घरात सतत आकड्यांची उलथापालथ चाललेली. पोराला ग्रहांचं वेड लागलं नाही, आकड्यांचं मात्र लागलं.

शाळा ठाण्यात झाली. गणिताची कोडी मिळतील तिथून घ्यायची आणि तासन् तास सोडवत बसायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. पुढे १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर परांजपे या नावाचं तिथे मोठं वजन होतं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्यांच्याच नावाचं गणिताचं एक बक्षीस होतं, स्वतंत्र कामासाठी. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदरात पडली.

आणि शिक्षण तिथेच थांबलं. एमएस्सी नाही, परदेश नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर रेझ्युमेवर पदवीची ओळ एकच. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. मधली ३२ वर्षं वर्ग, फळा, वह्या तपासणं आणि उरलेल्या वेळात आकडे.

स्टेशनावरची कल्पना

कळंबोलीवरून जाणारी दिवा-पनवेल लाइन तुमच्या ओळखीची आहे. ती दिव्याला मुख्य लाइनला मिळते. तिथून कल्याणकडे निघालं की आधी कोपर, मग डोंबिवली. मुंबईपासून साधारण ३० मैलांवरच्या या स्टेशनावर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना नाव दिलं डेम्लो. डेम्लो म्हणजे हीच आपली डोंबिवली.

त्यातल्या काही संख्या कोणीही करून बघाव्यात अशा आहेत. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. आकडे जिना चढतात आणि तसेच उतरतात. यात पुढची मोठी थिअरी नाही, शंभर पानांची सिद्धता नाही. गर्दीच्या स्टेशनावर आपण मोबाइल काढतो, तिथे हा माणूस डोक्यात आकडे फिरवत होता आणि सापडलेल्या गोष्टीला स्टेशनाचं नाव देऊन मोकळा होत होता.

त्यांची नावं ठेवायची तऱ्हाच गमतीची होती. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. हर्ष देणारी, म्हणून हर्षद. १८ घ्या. १ अधिक ८ म्हणजे ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजन यांच्या गोष्टीतली टॅक्सीची प्रसिद्ध १७२९ सुद्धा हर्षदच. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे बरोबर १७२९.

मग त्यांच्या आडनावाच्या कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. म्हणजे नुकतंच सरलेलं २०२५ साल हे कापरेकर संख्येच्या वर्गाचं साल होतं. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. हॅकररँकवरचा तो प्रश्न याच कल्पनेवर उभा आहे.

६१७४

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिएक नावाचा अगडबंब इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर पहिल्यांदा लोकांसमोर आला. एक अख्खी मोठी खोली भरून टाकणारं ते यंत्र. त्याच वर्षी इकडे देवळालीत कापरेकरांना ६१७४ ही संख्या सापडली.

आपण आपल्याच भागाचा आकडा घेऊ. कळंबोलीचा पिनकोड ४१०२१८. त्यातले शेवटचे चार अंक ०२१८. हे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ८२१०. मग लहानाकडून मोठ्याकडे : ०१२८. वजाबाकी करा, येतात ८०८२. पुन्हा तेच. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वरच हे करून बघा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. इथे पोचलं की सुटका नाही.

तुमच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या, बाइकचा नंबर घ्या. चारही अंक सारखेच नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. आज याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

अशा ९,९९० संख्या आहेत. कॉम्प्युटर नसताना सगळ्या तपासायच्या तरी कशा, असं वाटेल. पण इथे थोडं डोकं लावलं की काम एकदम हलकं होतं. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं : सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान अंक यांच्यातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. आपल्या पिनकोडात ८ आणि ० चा फरक ८, २ आणि १ चा फरक १. ७९९२ अधिक ९०, बरोबर ८०८२. या दोन फरकांच्या जोड्या होतात एकूण ५४. म्हणजे ९,९९० चा डोंगर ५४ ओळींवर येतो. एका वहीत मावेल एवढं काम. कॉम्प्युटर नाही म्हणून अडून राहायचं कारण नाही.

कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढे ते स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकी नियतकालिकात छापून आलं.

लोकांनी दिलेले मार्क

आणि तरीही त्यांच्याच देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पोरखेळ, आकड्यांची करमणूक, याला काय गणित म्हणायचं, असा एकूण सूर. त्यांचं बरंचसं काम छोट्या नियतकालिकांत छापलं गेलं किंवा त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढल्या. परिषदांना ते पदरमोड करून जायचे. हे सगळं शाळामास्तराच्या पगारात.

खरं सांगायचं तर टीका करणारे अगदीच चूक नव्हते. खोल सिद्धांत, नवी शाखा, पुढच्या पिढीला पुरेल अशी मोठी चौकट या पट्टीवर मोजलं तर कापरेकरांचं काम लहानच भरतं. प्रश्न आहे तो पट्टीचा. सामान्य माणसाला, शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत कळावी आणि आयुष्यभर विसरता येऊ नये अशी गोष्ट आकड्यांतून शोधून काढायची, ही पट्टी लावली तर त्यांच्या जवळपास फिरकणारे किती सापडतील?

कापरेकर भांडत बसले नाहीत, खचलेही नाहीत. मोठ्या प्रोफेसरांची भाषा उसनी घेऊन आपलं काम फुगवूनही सांगितलं नाही. जे सापडलं ते सापडलं म्हणून मांडलं. आसपासच्या कॉलेजांत बोलावलं की जायचे आणि पोरांना आकड्यांचे खेळ दाखवायचे. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा कॉम्प्युटर सुरू झाला. कापरेकरांचं काम मात्र कागदावरच चालू राहिलं.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरत नव्हती. ज्याच्या नावाची संख्या परदेशातल्या नियतकालिकात छापून आली होती, तो माणूस पोट भरण्यासाठी गणित-सायन्सच्या शिकवण्या घेत होता.

१९६३ मध्ये त्यांनी देवळालीहून एक पुस्तिका काढली होती, सेल्फ नंबर्सवर. मराठीत आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणू. कल्पना साधी आहे. १५ घ्या, त्यात तिचेच अंक मिळवा, १ आणि ५. झाले २१. म्हणजे २१ ही १५ पासून जन्माला आली. आता २० घ्या. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाही. १४ पासून १९ येतात, १५ पासून एकदम २१. २० ला जन्म देणारं कोणीच नाही, म्हणून ती स्वयंभू. या संख्यांना देवळाली संख्या असंही नाव पडलं. आपल्या गावाला गणितात जागा मिळवून देणारे मास्तर तसे कमीच.

मग १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकर आणि त्यांच्या या संख्यांवर लिहिलं. गार्डनर यांचं सदर म्हणजे जगभरच्या गणितवेड्यांचा कट्टा. तिथून कापरेकरांचं नाव सगळीकडे पोचलं. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, ते गेले.

जावा सात म्हणजे काय?

आता फॉर्मकडे येऊ. कापरेकरांचं ६१७४ चं विधान पुन्हा नीट बघा. संख्या चार अंकी हवी. सगळे अंक सारखे नसावेत. अंक कमी पडले तर पुढे शून्य लावायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्या. काय होतं, कधी होतं, कधी होत नाही आणि किती वेळात होतं, हे सगळं त्यात आहे. शेजारच्या घरात डोकावून फुशारकी नाही. कारण चार अंकांना जे लागू पडतं ते इतरांना तसंच पडत नाही. तीन अंकांत वेगळी संख्या येते, ४९५. दोन अंकांत एका जागी थांबणं नाहीच, तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांतही सगळ्यांना ओढून घेणारी अशी एकच संख्या नाही.

याच्या शेजारी जावा सात हे वाक्य ठेवा. त्यात काय आहे? कोणत्या कामासाठी सात? कोणाच्या तुलनेत? कुठे पोचल्यावर तुमची गाडी अडकते? काहीच नाही. मार्क आहेत, पण पेपर कुठला होता तेच लिहिलेलं नाही.

इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो सात वाचतो आणि एक साधा प्रश्न टाकतो. समजा त्याने कापरेकरांचाच टाकला : कुठलीही चार अंकी संख्या घेऊन ६१७४ पर्यंत जाणारा प्रोग्राम लिहा. पोरं पाच मिनिटांत लिहितात, ३५२४ टाकून बघतात, उत्तर येतं, खूश होतात. मग समोरचा शांतपणे १००० टाकायला सांगतो. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. इथे कॉम्प्युटरने पुढचं शून्य गिळलं. खरं तर ०९९९ धरून ९९९० वजा ०९९९ करायचं असतं. प्रोग्राम मात्र ९९९ मधून ९९९ वजा करतो, शून्यावर येतो आणि तिथेच गरगर फिरत राहतो. ६१७४ कधी येतच नाही.

एवढ्याशा शून्याने सगळा सात उघडा पडतो. चूक होणं हा मुद्दा नाही, ती कोणाचीही होते. मुद्दा हा की आपला कोड कुठे मोडू शकतो, याचा विचार आपण केला होता का. ज्याने केला होता, तो १००० ऐकल्यावर गालातल्या गालात हसतो. ज्याने नव्हता केला पण आत्ता दोन मिनिटांत शोधून दुरुस्त करतो, तोही चालतो. अडचण त्याची होते जो सात लिहून आलाय म्हणून आता चूक मान्यच करायला तयार नाही.

मानसशास्त्रातही यावर काम झालंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये तर्क, व्याकरण, विनोद अशा विषयांवर चाचण्या घेतल्या. सगळ्यांत कमी मार्क पडलेले लोक स्वतःला सरासरीपेक्षा वरचे समजत होते, आणि सगळ्यांत वरचे स्वतःला थोडं कमीच लेखत होते. थोडक्यात, मनात येणारा आकडा भरवशाचा नसतो, दोन्ही बाजूंनी.

मग रकान्यात लिहायचं काय? फॉर्म आकडा मागतोय तर आकडा द्यावा लागणार, त्याला इलाज नाही. पण त्या आकड्यामागे कापरेकरांसारखं एक विधान तयार ठेवा. पायथनमध्ये फाइल वाचून हिशेब काढणारा प्रोग्राम मी कोणाच्या मदतीशिवाय लिहितो, लायब्ररीची नावं मात्र बघावी लागतात. एसक्यूएलमध्ये दोन-तीन टेबलं जोडून उत्तर काढतो, क्वेरी वेगवान कशी करायची ते अजून येत नाही. जावामध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट केलाय, थ्रेड्सना हात लावलेला नाही. एवढं सांगता आलं की तो आकडा सहा आहे की सात, याने फारसा फरक पडत नाही. समोरच्याला पुढे काय विचारायचं ते कळतं, आणि तुम्हालाही कुठल्या प्रश्नावर मला येत नाही असं सरळ सांगायचं ते कळतं.

आणि सगळ्या रकान्यांत एकच आकडा भरू नका. चार अंकांचं पाच अंकांना लागत नाही, तसं जावाचं पायथनला लागत नाही. एका भाषेत आठ आणि दुसरीत तीन लिहिणारा उमेदवार सगळीकडे सात लिहिणाऱ्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

पदवी एक, नोकरी शाळेची, मान्यता सत्तरीत. कापरेकरांना बाहेरून मिळालेले मार्क आयुष्यभर वर-खाली होत राहिले. त्यांच्या ६१७४ च्या विधानात मात्र तेव्हाही चूक नव्हती, आजही नाही. कोणीही, कुठेही, कधीही तपासून बघावं. तुमच्या कामातला निदान एखादा तुकडा असा असू दे, पन्नास ओळींचा का होईना, जो कोणाच्याही हातात बिनधास्त देता येईल.

तेव्हा पुढचा फॉर्म भरण्याआधी एक करा. लॅपटॉप उघडा, गूगल बंद, एआय बंद. कापरेकरांचा प्रोग्राम तुमच्या आवडत्या भाषेत लिहा. आधी पिनकोडचे ०२१८ टाका, तीन पायऱ्या आल्या पाहिजेत. मग १००० टाका. मग ७७७७ टाका आणि प्रोग्राम काय करतो ते बघा. जे दिसेल ते कागदावर दोन ओळींत लिहून काढा. आकडा त्यानंतर ठरवा.